नुसता शिक्का मारून ये

ऑफिसच्या पॅसेजमध्ये साबणाचं पाणी ओतून कमरुद्दीन पोछा आणायला पँट्रीत गेला होता. सिद्धांत टिपणीस हातात कोटेशनची फाइल घेऊन, मान खाली घालून, रोजच्या चालीनं आला आणि त्याचा पाय सटकला. अशा वेळी माणसानं काय करायचं ते ठरलेलं असतं: हात वर, फाइल हवेत, बूड जमिनीवर. पण सिद्धांतचे दोन्ही पाय एकदम आडवे वळले, गुडघे वाकले, खांदे पुढे आले आणि तो त्या फेसावरून घसरत जाऊन भिंतीच्या अलीकडे, अगदी बेतानं, थांबला. फाइल हातात तशीच होती. पोछा घेऊन दारात आलेला कमरुद्दीन म्हणाला, “अरे साब! मैंने सोचा, खलास!” काचेच्या केबिनमधून उपेंद्र बाहेर आला. सिद्धांतपेक्षा वर्षादोन वर्षांनी मोठा, ठाण्याचा, कुठल्याही गोष्टीत गंमत शोधणारा. “टिपणीस, तू काय सर्कशीत होतास का रे? पुन्हा कर बघू, मी मोबाइल काढतो.” सिद्धांत हसला. “नशीब रे, दुसरं काय,” म्हणाला आणि जागेवर येऊन बसला. टेबलाखाली त्याच्या मांड्या थरथरत होत्या. भीतीनं नव्हे. भीती त्याला नंतर वाटली. बारा वर्षं ज्या शरीराला त्यानं काही विचारलं नव्हतं, त्यानं आज त्याला न विचारता काहीतरी करून टाकलं होतं, आणि इतकं चोख केलं होतं की त्याला रागच आला.

कंपनी कोल्ड स्टोरेजची दारं विकायची. जाड, पांढरी, कडांना रबर लावलेली दारं, दुबईत अल कुसैसच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभी असायची. थंडीनं या माणसाचा पिच्छा काही सोडला नाही, असं कुणी म्हटलं असतं. पण म्हणणार कोण? इथे कुणाला काही माहीतच नव्हतं. त्यानं फाइल उघडली. एका मच्छीवाल्याच्या गोदामाला सहा दारं हवी होती. तो आकडे वाचत होता आणि त्याचा उजवा पाय टेबलाखाली आतल्या कडेवर टेकून हळूच वळत होता. त्यानं पाय खुर्चीच्या दांडीत अडकवला. तेवढ्यात शुभ्राचा फोन आला. आज गुरुवार, अर्धा दिवस. बायकोचा फोन म्हणजे वाटेत काहीतरी घेऊन ये, एवढंच असणार.

“ऐक ना, आपली मिहिका शाळेतल्या त्या अस्मीच्या बर्थडेला गेलीय ना, तिला तूच घेऊन ये. शेजारच्या मैमुनाबी आणणार होत्या, पण त्यांच्या गाडीचं काहीतरी झालंय.”

“कुठे आहे पार्टी?”

“ऊद मेथाला. ते बर्फाचं रिंक नाही का, तिथे.”

त्यानं फाइल मिटून बाजूला सारली.

“हॅलो? आहेस ना?”

“आहे.”

“तुला रस्ता माहितीच असेल,” शुभ्रा म्हणाली. तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता. लग्न ठरताना पुण्याला तिला सांगण्यात आलं होतं की मुलगा पूर्वी हॉकी खेळायचा, बाहेरच्या देशातही खेळून आलाय. तिच्या मामांनी उत्साहानं विचारलं होतं, “फॉरवर्ड की फुलबॅक?” आणि मामांच्या डोळ्यांसमोर हिरवं गवत होतं हे कळूनही सिद्धांतनं “फॉरवर्ड” असं उत्तर देऊन विषय मिटवला होता. पुढे तिला खरं काय ते कळलं, की ती हॉकी बर्फावरची. हनुवटीखालचा टाक्यांचा व्रण कशाचा, तेही कळलं. पण ज्या गोष्टीविषयी नवरा बोलत नाही ती फार मोठी नसणार, असा तिचा साधा हिशेब होता, आणि तो तिनं चुकीचा ठरवावा असं त्यानंही कधी काही केलं नव्हतं.

रस्ता माहीत नसायला काय झालं? ते रिंक त्याच्या लहानपणच्या घरासमोरच होतं. बाबा, म्हणजे सूर्यकांत टिपणीस, एका एअर कंडिशनिंगच्या फर्ममध्ये अकाउंट्स बघायचे. आईला, शोभनाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळूच्या रंगाच्या आभाळाखाली मुलाला खेळायला कुठे सोडावं हा प्रश्न पडायचा. समोरच्या इमारतीत बर्फ होता. महिन्याचा पास काढला की पोरगं दुपारभर गारव्यात राहतं आणि घरातला एसी बंद ठेवता येतो, असा दुहेरी विचार करून तिनं त्याला आत ढकललं. आपण मुलाच्या आयुष्याचं काय करतोय हे त्या माउलीला कसं कळावं! बाहेर डांबर वितळत असायचं आणि आत तोंडातून वाफ निघायची. रबरी मॅटचा, ओल्या मोज्यांचा आणि थंड लोखंडाचा वास यायचा. पहिल्या दिवशी सगळी मुलं कठड्याला धरून सरपटत होती. सिद्धांतनं कठडा सोडला, पडला, उठला, पुन्हा सोडला. त्याला वेग आवडला असं लोक म्हणायचे. वेग नाही, त्याला कलणं आवडलं होतं. वळताना शरीर इतकं एका बाजूला झुकतं की पडायलाच हवं, आणि पडत नाही, त्या एका क्षणात त्याला जे मिळायचं ते शाळेत, घरात, गणपतीच्या आरतीत, कशातच मिळत नव्हतं. ते कुणाला सांगायचं कसं, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलं नसतं.

संध्याकाळी गोरे साहेब लोक खेळायला यायचे. तेलकंपन्यांचे कॅनेडियन, बँकांतले कोणी, दिवसभर टाय लावून बसलेले आणि आता हेल्मेट घालून एकमेकांना भिंतीवर आपटणारे. त्यात रेयो नावाचा फिनलंडचा इंजिनिअर होता, लिफ्ट बसवण्याच्या कामावर आलेला. हा माणूस बोलायचाच नाही. कठड्यापाशी रोज उभं राहणाऱ्या काळ्यासावळ्या पोराच्या हातात त्यानं एक दिवस स्वतःची जुनी काठी दिली, ती उंचीला मोठी पडली तर करवतीनं कापून दिली, आणि शिकवायला लागला. सहा-सात वर्षं शिकवत राहिला. चांगलं झालं तर मान हलवायचा, वाईट झालं तर पाठ फिरवायचा. सिद्धांत सतरा-अठराचा होईतो त्या रिंकवर त्याला अडवणारं कुणी उरलं नाही. मग प्रश्न आला की आता पुढे काय? इथल्या संघात खेळायचं तर इथला पासपोर्ट हवा, आणि जन्म इथे झाला म्हणून तो काही मिळत नाही. भारतात हा खेळ लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळतात असं कुणीसं सांगितलं. पण तिथे पत्र कुणाच्या नावे घालायचं हे दुबईतल्या एकाही मराठी माणसाला माहीत नव्हतं. “घर का ना घाट का,” असं उपेंद्र स्वतःविषयी गमतीनं म्हणतो. त्याला ठाण्यात घर तरी आहे.

रेयोनं एके दिवशी एकच वाक्य बोलून सगळं ठरवून टाकलं. त्याच्या गावच्या क्लबला त्यानं कळवलं होतं, ते मुलाला बघायला तयार होते. कागदाची गिरणी असलेलं, जंगलातलं गाव. देशातल्या मोठ्या लीगच्या खालच्या लीगमधला क्लब, पण खेळाडूंना पगार देणारा. बाबांनी नाही म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यांनी फक्त एक अट घातली. अठरा उलटलेल्या मुलाला बापाच्या व्हिसावर राहता येत नाही, म्हणून एका ओळखीच्या कंपनीच्या मालकाला गळ घालून त्यांनी सिद्धांतचा इथला व्हिसा त्या कंपनीच्या नावावर करून घेतला होता. हुद्दा: सेल्स असिस्टंट. नावापुरता. तो व्हिसा टिकला पाहिजे, एवढीच अट. “मागचं दार उघडं ठेवावं माणसानं,” ते म्हणाले. रेयोनं विमानतळावर सांगितलं, “इथे तू मोठा आहेस. तिथे तू लहान असशील.” सिद्धांतला ते उत्तेजन वाटलं. तो इशारा होता हे उमजायला त्याला बरेच महिने लागले.

तिथे तो खरोखरच लहान होता. दुकानातली पोरंसुद्धा त्याच्याइतकी स्केटिंग करायची. गिरणीच्या मागं एक खोली, सकाळी राईची आंबट भाकरी, दुपारीच मावळणारा सूर्य, आणि दोन वेळा सराव. सामन्यात तो बाकावर बसायचा. तिथल्या मुलांनी त्याला वाईट वागवलं असतं तरी बरं झालं असतं. ते सौजन्यानं वागायचे, आणि पास मात्र दुसऱ्याला द्यायचे. आईचा फोन आला की तो म्हणायचा, मस्त चाललंय. मग हिवाळ्याच्या ऐन मध्यात कडेनं खेळणाऱ्या एका विंगरचा खांदा निखळला आणि कोचनं बाकाकडे न बघताच त्याचं नाव घेतलं. त्या आठवड्यात तो खेळला. पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळला. एक गोल त्याच्या काठीला लागून गेला. सुंदर वगैरे नव्हता, गर्दीतून घरंगळत गेला. पण फलकावर त्या लांबलचक फिनिश नावांच्या खाली टिपणीस असं आलं आणि स्टँडमधल्या एका म्हातारीनं तो उच्चार करून बघितला. महिन्याच्या शेवटी पगार घेताना कॅशियर बाई त्याच्याकडे बघून पहिल्यांदा हसली. तो व्यावसायिक खेळाडू होता. हा शब्द त्यानं खोलीत, एकट्यानं, मराठीत म्हणून पाहिला होता आणि त्याला हसू आलं होतं.

त्याच दिवसांत बाबांचा फोन आला.

“सिद्धू, सहा महिने होत आले बरं का. शिक्का मारून जा.”

“बाबा, मला आत्ताच टीममध्ये घेतलंय. आत्ता कसा येऊ?”

“अरे, राहायला कोण सांगतंय? नुसता शिक्का मारून ये. गुरुवारी ये, शनिवारी जा. सहा महिने बाहेर राहिलास की इथला व्हिसा खलास. पुन्हा कोण देणार आहे तुला? त्या माणसाच्या मी किती हातापाया पडलोय, माहितीये ना?”

“पण बाबा...”

“उद्या तिथे हाडबीड मोडलं तर येशील कुठे? पुण्याला?”

पुण्याला, हे ते असं म्हणाले की जणू चंद्रावर. आणि यात काही नवल नव्हतं. आखातातल्या प्रत्येक घरात हे चालायचं. पुण्याला मेडिकलला असलेली पोरं, मणिपालला इंजिनिअरिंग करणारी पोरं, परीक्षा असो, ताप असो, सहा महिने भरायच्या आत विमानात बसून यायची, पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायची, आईच्या हातचं खायची आणि परत जायची. शाळेत हजेरी लावावी तसं. सिद्धांत म्हणाला, “बरं.” त्यानं वाद घातला नाही, कोचचं नाव पुढे केलं नाही, हट्ट केला नाही. कोचला सांगितलं, तीन दिवस. कोच म्हणाला, शनिवारी रात्री सराव आहे.

शनिवारी दुबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “सर, धिस व्हिसा इज सिंगल एंट्री. ऑलरेडी यूज्ड.” त्याला आधी समजलंच नाही. क्लबनं काढून दिलेला फिनलंडचा परवाना एकदाच आत जाण्याचा होता. तो बाहेर पडला त्या क्षणी संपला होता. कठड्यापलीकडे बाबा उभे होते, हातात आईनं दिलेल्या लाडवांची पिशवी. ते आत आले, चष्मा लावला आणि ते पान वाचलं. दुसऱ्याच्या हिशेबातली एका फिल्साची, इथल्या पैशाची, चूक पकडणारा माणूस. त्यांनी आणि सिद्धांतनं मिळून तो पासपोर्ट किती वेळा चाळला असेल. पण दोघांनीही दर वेळी एकच पान पाहिलं होतं, दुबईचं. जाण्याचं पान पाहायचं असतं हे त्यांच्यातल्या कुणालाच कधी शिकवलेलं नव्हतं. मागचं दार उघडं ठेवायच्या नादात पुढचं बंद झालं. बाबा म्हणाले, “अरेरे. बघायला हवं होतं.” मग थोडं थांबून म्हणाले, “होईल, इन्शाल्ला. अर्ज करू परत. चल, चहा घेऊ.” आणि त्यांनी चहा घेतला. सिद्धांतला आठवतं, चहा चांगला होता.

अबू धाबीच्या वकिलातीतली बाई फार मऊ बोलायची. अर्ज तिकडे जातो, तिकडून येतो, वेळ लागतो. क्लबचा एक फॅक्स आला, लवकर ये म्हणून. मग दुसरा आला, पुढच्या हंगामाचं पाहू म्हणून. निखळलेला खांदा बरा झाला. लाडू त्यानं घरीच संपवले. उन्हाळ्यात क्लब दुसऱ्या कुणीतरी विकत घेतला आणि नव्या लोकांनी त्याच्या पत्राला उत्तर दिलं नाही. रेयोचं इथलं काम संपलं. जाताना त्यानं हात हातात घेतला आणि या वेळी एकही वाक्य बोलला नाही. हातात काय उरलं, तर तो वाचवलेला व्हिसा, आणि त्यावर लिहिलेलं सेल्स असिस्टंट. त्या दारांच्या कंपनीचा मालक चांगला माणूस होता. म्हणाला, “सिर्फ नाम के लिए क्यों, सचमुच आ जाओ.” तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं असं म्हणावं, तर धुपाटणंसुद्धा कंपनीचं. बाबांना पुढे या सगळ्याचा विसर पडला. तसे ते मनानं वाईट नव्हते. त्यांना मुलाचं बस्तान बसल्याचा आनंद झाला होता, आणि आनंदात माणूस तपशील विसरतो. आता ते पुण्याला असतात आणि शुक्रवारी फोनवर म्हणतात, “वेळेवर आलास म्हणून वाचलास बघ.” सिद्धांत म्हणतो, हो.

तो फार मोठा खेळाडू झाला असता असं त्याला कधीच वाटलं नाही, आणि दुःखाचा खरा काटा हाच होता. मोठं काही हुकलं असतं तर माणूस त्याची गोष्ट करून सांगतो, लोक हळहळतात. त्याचं हुकलं होतं ते एक साधंसुधं, मधल्या फळीतलं आयुष्य: गिरणीच्या गावात बाकावरून उठायचं, खेळायचं, पुन्हा बसायचं, तिशीत गुडघे गेले की पोरांना शिकवायचं. एवढ्यासाठी कोण हळहळणार? तोसुद्धा उघडपणे हळहळू शकत नव्हता.

दोन वाजता त्यानं गाडी काढली. ऊद मेथाच्या सिग्नलपर्यंत तो ठीक होता. इमारतीला नवा रंग दिला होता. काचेचं दार ढकललं आणि वास आला. तोच, ओल्या रबराचा. त्यानं पाय घट्ट रोवले आणि पालकांच्या गर्दीत कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. फुगे बांधले होते. अस्मीचे वडील पिझ्झाची खोकी मोजत होते. बर्फावर वीस-पंचवीस पोरं कठड्याला लटकून किंचाळत होती, आणि मध्यभागी, एकटी, लाल स्वेटरमधली मिहिका होती.

तिनं कठडा सोडला होता. त्याला आधी तेवढंच दिसलं. मग ती पडली, हातांवर, आणि उठताना तिनं इकडेतिकडे कुणी पाहतंय का ते पाहिलं नाही. पुन्हा निघाली. वेडीवाकडी, बाकीच्या चार पोरांसारखीच. आणि मग वळताना ती कलली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षांची पोर, भाड्याचे जड बूट, आणि तरी ती आतल्या बाजूला झुकली, पडायलाच हवी इतकी झुकली, आणि पडली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सिद्धांतला ओळखीचं होतं. या जगात ते ओळखणारा कदाचित तो एकटाच होता, आणि त्याला अभिमान वाटायला हवा होता. त्याला धडकी भरली. त्याला दिसलं ते सगळं एकदम दिसलं: सकाळचे सराव, कापलेल्या काठ्या, चौदाव्या वर्षी सगळ्यांपेक्षा सरस, अठराव्या वर्षी कुठल्या झेंड्याखाली, कुठल्या पानावर कुठला शिक्का. ही बया त्याच दाराशी जाऊन उभी राहणार. तेव्हा काउंटरच्या कठड्यापलीकडे पिशवी घेऊन तो उभा असणार.

तिनं त्याला पाहिलं आणि सरळ त्याच्या दिशेनं येऊन कठड्यावर आदळली. गाल लाल झाले होते, नाक वाहत होतं. “पापा, डिड यू सी? डिड यू सी मी?”

“पाहिलं गं.”

“कम ना, यू ऑल्सो कम!”

“मला नाही येत, सोन्या.”

“इट्स ईझी. आय विल टीच यू.” तिनं ओला हातमोजा कठड्यावरून पुढे केला. तो हात त्यानं धरला. बाजूला शिकवणारी फिलिपिनो मुलगी येऊन थांबली होती. “युअर डॉटर, सर? फर्स्ट टाइम? नो, रियली?” ती हसून म्हणाली, दर शनिवारी लहान मुलांची बॅच आहे, हिला जरूर पाठवा, अशी मुलं रोज येत नाहीत. सिद्धांत थँक यू म्हणाला. त्यानं खाली वाकून मिहिकाच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बोटांना ती गाठ ठाऊक होती, म्हणून त्यानं मुद्दाम सावकाश, चुकत चुकत सोडल्या.

गुरुवार दुपार, त्यामुळे शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. शारजातल्या रोल्लाला घरी पोचायला तास तरी लागणार होता. मागच्या सीटवर मिहिकानं रिटर्न गिफ्टची पिशवी उघडली, त्यातलं चॉकलेट खाल्लं, कागदाची घडी घातली. मग पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं घालून तिनं विचारलं, “पापा, कॅन आय गो ऑन सॅटर्डे? दॅट टीचर सेड.”

“बघू,” तो म्हणाला.

त्यांच्या घरात बघू म्हणजे नाही. शुभ्राही तसंच म्हणायची, बाबाही तसंच म्हणायचे. सगळ्या घरांत तसंच म्हणतात. म्हणून तो वाट बघू लागला. आता ती म्हणेल, प्लीज. आता पाय आपटेल, रडेल, का नाही म्हणून भांडेल. तिनं एकदा, फक्त एकदा जरी पुन्हा विचारलं तर आपण हो म्हणायचं, मग पुढचं पुढे, असं त्यानं मनाशी ठरवलं. विचार गं. हट्ट कर. आरशात त्याला तिचं कपाळ आणि ओल्या बटा दिसत होत्या. अल नाहदाचा पूल गेला, सिग्नल लागला, सुटला, पुन्हा लागला. “ओके,” ती म्हणाली, आणि मागे सरकून नीट बसली. ती गुणी मुलगी होती. सगळेच म्हणायचे. रोल्ला येईपर्यंत तिनं काही विचारलं नाही.